एकाच पेशंटचे श्वास दोघींनी मोजा

मॅडम, नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी तीन वर्षांपासून क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्राची अ‍ॅडल्ट हेल्थची पोस्टिंग संपायला नऊ दिवस राहिलेत आणि प्रॅक्टिकलचे इंटर्नल गुण भरायचे आहेत. दहामागं एक शिक्षक असा नियम असला तरी माझ्याकडं चौदा जण आहेत, तेही तीन वॉर्डांत विखुरलेले.

दोन मुलींच्या गुणांवरून माझी झोप उडालीय. एकीची फाइल बघत राहावी अशी आहे. इंग्रजी चांगलं, राउंडला फटाफट उत्तरं देते, इनचार्ज सिस्टरही तिचं कौतुक करतात. तिला मी पन्नासपैकी ४३ दिले. दुसरी तांड्यावरची. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. केअर प्लॅन अर्धवट, इंग्रजी मोडकं, विचारलं की खाली बघते. तिला २९.

मागच्या आठवड्यात मेडिकल वॉर्डात एका पेशंटचा मुलगा मला म्हणाला, “ती बारीक सिस्टर आज येईना का? आमच्या म्हातारीला तीच नीट कुशीवर करती.” ती हीच २९ वाली. त्याच दिवशी पहिलीचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदी, बघितला. बारा पेशंट आणि बाराही जणांचा श्वास २०. मी काहीच बोलले नाही. वरून सांगितलंय की निकाल पडता कामा नये. क्लिनिकलचे गुण तोंड बघून देतात असं पोरी म्हणतात; मी शिकत होते तेव्हा मीही म्हणायचे. मी दोघींचे गुण बदलावेत का?

– एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर

सिस्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट शोधत होते : या दोघींना पेशंटजवळ काम करताना तुम्ही स्वतः उभं राहून कधी बघितलं? तसं एकही वाक्य सापडलं नाही. फाइल आहे, इंग्रजी आहे, राउंडची उत्तरं आहेत, इनचार्ज सिस्टरांचं मत आहे. म्हातारीला कुशीवर करणारे हात तुम्हाला तिच्या मुलानं सांगितले आणि बारा वेळा लिहिलेले २० कागदानं सांगितले. म्हणून आज लगेच गुणांची अदलाबदल करू नका. आधीचे ४३ आणि २९ फाइल बघून दिलेत, बदललेले गुण एका नातेवाइकाच्या बोलण्यावरून आणि एका चार्टवरून दिले जातील. दोन्ही कच्चेच.

तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. चौदा पोरं आणि तीन वॉर्ड म्हणजे सकाळचा अर्धा वेळ कोण कुठं आहे हे बघण्यातच जातो. पण नऊ दिवस हातात आहेत, आणि नऊ दिवसांत खूप काही बघता येतं.

सुरुवात श्वासापासून करा. टीपीआरमधला सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच. तापासाठी थर्मामीटर लावावा लागतो, नाडीला बोटं लावावी लागतात, बीपीला कफ बांधावा लागतो. श्वासासाठी फक्त पूर्ण एक मिनिट पेशंटजवळ थांबावं लागतं, आणि गर्दीच्या वॉर्डात तेवढंच जमत नाही. “तुमचा श्वास मोजते” असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर मात्र छातीवर न्यायची. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या आधीच बऱ्याचदा श्वास वाढलेला असतो. मेडिकल वॉर्डात बारा पेशंट आहेत, त्यात एखादा न्यूमोनियाचा असेल, एखादा दम्याचा, एखादा किडनीचा. सगळ्यांचे २० कसे येतील? ज्याचे खरे २८ होते, त्याच्याकडं त्या दिवशी कुणाचं लक्ष गेलंच नसेल.

मी ट्यूटर असताना असं करायचे. विद्यार्थिनीला घेऊन एका पेशंटजवळ जायचं. मी घड्याळाकडं बघून हळूच मान हलवली की दोघींनी मनात मोजायला सुरुवात करायची. मिनिट झालं की आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि बाहेर व्हरांड्यात येऊन दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. एक-दोनचा फरक चालतो. पाच-सहाचा फरक आला तर परत आत जायचं, परत मोजायचं. त्यात गुणांचा प्रश्न नसायचा. मोजायला येत नाही की मोजायचा कंटाळा आहे, एवढं त्यातून कळायचं. न येणाऱ्या मुलीला शिकवायचं असतं, कंटाळा करणाऱ्या मुलीशी बोलायचं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या दोघींनाही असंच न्या. एकाच पेशंटजवळ न्या, पण वेगवेगळ्या वेळी, आणि शक्यतो लागोपाठच्या दिवशी.

त्यानंतर पहिलीला एकटीला बसवून सरळ विचारा, “हे बारा आकडे मोजलेले आहेत का?” आवाज चढवू नका, चार जणींसमोर तर मुळीच विचारू नका. “वॉर्डात सगळे असंच लिहितात, सिस्टरच म्हणाल्या २० टाक” असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते खरंही असू शकतं. म्हणजे आपल्याच माणसांकडून ती हे शिकली. तरीही न मोजलेला आकडा चार्टवर लिहिणं ही चूक अक्षर सुंदर आहे, केस प्रेझेंटेशन झकास झालं, अशा गोष्टींनी भरून निघत नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. तिनं कबूल केलं तर पुढचे आठ दिवस तिच्या चार्टमधले कुठलेही दोन पेशंट तुम्ही स्वतः तपासा. सुधारणा दिसली तर तशी नोंद करा. पुन्हा बनवलेला आकडा सापडला तर नोंदीच्या कामाचे गुण तिला देऊ नका, मग बाकीच्या फाइलला कितीही मिळोत. मी एवढी कडक आहे, कारण पुढं ती नाइटला एकटी असेल आणि तिच्या चार्टवर विश्वास ठेवून पहाटे डॉक्टर औषध बदलतील.

कबूल करण्यावरून एक आठवलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक विद्यार्थिनी संध्याकाळच्या ड्यूटीत धावत माझ्याकडं आली. तिनं बीपीची गोळी शेजारच्या कॉटवरच्या बाईला दिली होती. हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं होतं. आम्ही लगेच डॉक्टरांना सांगितलं, त्या बाईंचं बीपी दर अर्ध्या तासानं घेतलं, रात्रभर लक्ष ठेवलं. बाईंना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीचे औषधांच्या कामाचे सगळे गुण कापले आणि का कापले ते तिच्या बॅचसमोर सांगितलं. बाकीच्या शिकतील, असं वाटलं होतं. त्यानंतर वर्षभर त्या बॅचमधली एकही मुलगी माझ्याकडं चूक घेऊन आली नाही. चुका होतच होत्या. त्या मला सफाईवाल्या मावशीकडून, पेशंटच्या नातेवाइकांकडून, कधी चार्टमधल्या खाडाखोडीवरून कळायच्या. ती चूक माझी होती. पुढं मी नियम केला : चूक झाल्या झाल्या स्वतःहून सांगितली तर त्या दिवशी त्या कामाचे गुण नाहीत, पण कपातही नाही. ते काम पुन्हा करायचं आणि त्याचे गुण घ्यायचे. लपवलेली चूक सापडली तर मात्र दया नाही.

गोळीची ती चूक कशी झाली तेही सांगते, कारण ते अजून रोज घडतं. मुलीनं विचारलं होतं, “तुम्ही अमुक बाई ना?” आणि शेजारची म्हातारी “हो” म्हणाली. आपल्याकडच्या वॉर्डातलं म्हातारं माणूस सिस्टरनं काहीही विचारलं तरी हो म्हणतं. ऐकू कमी येतं, भीती असते, आणि सिस्टर म्हणते म्हणजे बरोबरच असणार असंही वाटतं. म्हणून “मावशी, तुमचं नाव सांगा” असं विचारायचं, त्यांच्या तोंडून नाव ऐकायचं आणि केसपेपरवरच्या नावाशी ताडून बघायचं. गुण देताना मी हे आवर्जून बघायचे. गोळी देण्याआधी नाव विचारलं की सांगितलं? इतक्या बारीक गोष्टी बघायला घेतल्या की कुठली मुलगी तयार आहे ते दोन दिवसांत दिसतं, आणि त्यासाठी इंग्रजी लागत नाही.

इंग्रजीचा मुद्दा तुम्ही एका शब्दात उरकलात, पण मला वाटतं तुमचा अर्धा गुंता तिथंच आहे. विद्यापीठाचा पेपर इंग्रजीत आहे, औषधांची नावं इंग्रजीत आहेत, ते तिला यायलाच हवं. पण त्यातलं काय तपासायचं हे ठरवून घ्या. केअर प्लॅनमध्ये क्रियापद चुकलं तर पेशंटला काही होत नाही. अर्धी मिलिग्रॅम लिहिताना पॉइंटच्या आधी शून्य राहिलं आणि पुसट टिंब कुणाला दिसलंच नाही, तर त्याचे पाच होतात. इन्शुलिनच्या आकड्यापुढं ‘युनिट’ पूर्ण न लिहिता इंग्रजी यू काढला, तर तो घाईत शून्यासारखा दिसतो आणि चाराचे चाळीस होतात. त्या मुलीच्या फाइलमध्ये असल्या चुका आहेत का, ते बघा. असतील तर गुण कापा आणि शिकवा. नुसतं व्याकरण मोडकं असेल तर ते क्लिनिकलच्या गुणांत कशाला मोजायचं? ते लेखी परीक्षेत मोजलं जाणारच आहे.

तिला प्रश्न मराठीत विचारा, तेही पेशंटजवळून बाहेर आल्यावर. “या मावशींना दर दोन तासांनी कूस का बदलायची? सगळ्यात आधी कातडी कुठं लाल होईल?” ती माकडहाड, टाचा, खुबा सांगेल असा माझा अंदाज आहे, कारण म्हातारीला नीट कुशीवर करणारी मुलगी बहुतेक कारण माहीत असल्यामुळंच तसं करते. अंदाज चुकला तर तेही कळेल. मग प्रेमळ हातांच्या जोडीला तिला ज्ञान द्यायचं बाकी आहे, आणि त्याची नोंद व्हायला हवी. गरीब घरची म्हणून चार गुण वाढवून देऊ नका. ते तिला कळेल, आणि तिला ते अपमानाचं वाटेल. पेशंटांशी ती कसं बोलते ते मात्र ऐका. “मावशी, कुठं दुखालंय?” असं जवळ बसून विचारणाऱ्या मुलीला पेशंट ज्या गोष्टी सांगतो, त्या राउंडला कुणाला सांगत नाही. पेशंटकडून माहिती काढणं हेही नर्सिंगचंच कौशल्य आहे आणि त्याला गुण आहेत.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये एक गोष्ट दाखवली होती. लष्करातल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण द्यायला सांगितले होते. वेगवेगळे यायला हवे होते ते आकडे एकमेकांना चिकटूनच आले. एका बाबतीत माणूस आवडला की सगळीकडं वर. तुमच्या पहिल्या मुलीच्या बाबतीत हेच झालंय असं मला वाटतं. सुंदर फाइलची पुण्याई तिच्या श्वासाच्या आकड्यांनाही मिळाली. यावर मला एकच उपाय सापडला, तो म्हणजे त्याच दिवशी लिहिणं. एप्रनच्या खिशात मावेल अशी डायरी ठेवा. प्रत्येकीसाठी दोन ओळी : आज काय करताना बघितलं आणि काय दिसलं. “छान”, “हुशार”, “आळशी” हे शब्द त्या डायरीत येऊ द्यायचे नाहीत. “ड्रेसिंगआधी हात धुतले, ग्लोव्ह घातल्यावर कॉटचा दांडा धरला, स्वतःच्या लक्षात आलं, ग्लोव्ह बदलले” असं लिहायचं. महिन्याच्या शेवटी आठवून गुण दिले की बोलक्या मुली आठवतात आणि ज्यांच्यावर आपण रागावलो त्या आठवतात. मधल्या दहा जणी पुसल्या जातात.

आणखी एक बघायची पद्धत माझ्या कामी आली. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी चार पायऱ्या मांडल्या. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि रोजच्या कामात खरोखर करणं. तुमची फाइल आणि राउंडचे प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांवर आहेत. ऑस्कीच्या, म्हणजे काम करून दाखवायच्या परीक्षेच्या, टेबलावर तिसरी दिसते. दुपारी दोनला वॉर्ड शांत झाल्यावर, मॅडम चहाला गेल्यात असं वाटत असताना ती मुलगी काय करते, ती चौथी. तिथं आधी न सांगता जायला हवं, पण पकडायला म्हणून जाऊ नका. नुसतं जाऊन हाताशी काम करा आणि बघा.

इनचार्ज सिस्टरांच्या मताला मान द्या, पण विचारायची पद्धत बदला. “कशी आहे?” विचारलं की “चांगली आहे, खूप मदत करते” असंच उत्तर येतं. मदत म्हणजे कित्येकदा रिपोर्ट आणायला पळणं, ब्लड बँकेत जाणं, व्हीलचेअर ढकलणं. जी जास्त पळते ती चांगली ठरते, आणि पळण्यात तिचं शिकणं राहून जातं. “तिनं घेतलेला बीपी तुम्ही परत न तपासता लिहाल का?” असं विचारा. सिस्टर क्षणभर थांबतील आणि मग जे बोलतील ते खरं असेल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी चौदा जणांत मुलगे असतील म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या सत्रांत लेबर रूम आणि पीएनसीची (बाळंतिणींच्या वॉर्डाची) पोस्टिंग आली की त्यांना दारातच थांबवतात आणि नंतर केसेस कमी म्हणून गुण कापतात. हा धडधडीत अन्याय आहे. केस मिळवून देणं आपलं काम आहे. एका वॉर्डात साठ पेशंट आणि दुसऱ्यात आठ, अशा वेळी नुसत्या केसेस मोजून गुण देणंही तसंच. हजेरीचंही बघा. पदवी मिळायच्या आधी क्लिनिकलची हजेरी शंभर टक्के पूर्ण करावीच लागते. म्हणजे तांड्यावरची तुमची मुलगी आई-वडील उसाला निघताना चार दिवस घरी गेली असेल, तर ते दिवस ती भरून देणारच आहे. त्याचे गुण पुन्हा कापू नका.

आता निकालाचं. वरून दबाव येतो, हे खोटं नाही, आणि नोकरी टिकवायची असते हेही मला कळतं. स्कॉटलंडच्या कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं वॉर्डात मूल्यमापन करणाऱ्यांशी बोलून एक अभ्यास केला. शंका असूनही विद्यार्थी पास केले जातात, असं त्यात दिसलं. एक मोठं कारण असं की कमी पडतंय हे वेळेवर सांगितलेलंच नसतं, शेवटच्या दिवशी नापास करायला मन धजत नाही. मग पुढचे बघतील म्हणून सोडून देतात. बीडला आणि स्कॉटलंडला यात काही फरक दिसत नाही. म्हणून पोस्टिंगच्या मध्यावर प्रत्येकीला बसवून डायरी वाचून दाखवायची आणि खाली तिची सही घ्यायची. या खेपेला मध्य हुकलाय, तर उद्या बसवा. नऊ दिवस राहिलेत असं सांगूनच बसवा. प्राचार्यांकडं जाताना “मला वाटतं” असं म्हणून जाऊ नका. तारखा घातलेली डायरी आणि मुलीची सही घेऊन जा. तरीही ते आकडा वाढवा म्हणाले, तर तुमचा आकडा आणि तुमचं कारण लेखी देऊन ठेवा, त्यापुढं त्यांची सही त्यांनी करावी. मी हे दोनदा केलं. एकदा माझं ऐकलं, एकदा नाही. नाही ऐकलं त्या वेळी निदान ती मुलगी स्वतः येऊन म्हणाली, “मॅडम, मला कॅन्युला परत शिकवा.”

आणि उद्या तांड्यावरच्या त्या मुलीला म्हातारीच्या मुलानं काय विचारलं, ते तुमच्या तोंडून सांगा. तिच्यापर्यंत ते अजून पोचलेलं नसणार. गुण किती येतील याच्याशी त्याचा संबंध नाही.

नऊ दिवसांनी आकडे बदलावे लागले तर गुणपत्रकावर व्हाइटनर लावू नका आणि पान फाडून नवीन लिहू नका. चार्टवर चुकलं तर काय करायचं ते आपण पोरींना पहिल्याच वर्षी शिकवतो. जुना आकडा वाचता येईल अशी त्यावर एक रेघ, शेजारी नवा आकडा, तारीख आणि सही.